अपोजीची तारकासूची : फ्लॅगचा रकाना आधी वाचावा

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेने डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या केलेल्या सतराव्या माहितीसंचात 'अपोजी' या ताऱ्यांचे वर्णपट टिपणाऱ्या प्रकल्पाची तारकासूची आहे. साडेसहा लाखांच्या आसपास ताऱ्यांचे अरीय वेग (आपल्याकडे येण्याचे वा आपल्यापासून दूर जाण्याचे वेग) आणि त्यांपैकी बहुतेकांचे पृष्ठीय तापमान, पृष्ठीय गुरुत्व व सुमारे वीस मूलद्रव्यांची प्रमाणे तिच्यात मिळतात, तीही विनाशुल्क.

सूचीचे खरे बळ तिच्या तरंगलांबीत आहे. न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट आणि चिलीतील लास कॅम्पानास येथील २.५ मीटरच्या दुर्बिणींना जोडलेले वर्णपटमापक एका वेळी ३०० प्रकाशतंतूंमधून प्रकाश घेत, आणि हे तंतू ॲल्युमिनियमच्या थाळ्यांतील छिद्रांत माणसे हाताने खोचत असत. निरीक्षण १.५१ ते १.७० मायक्रॉन या अवरक्त पट्ट्यात झाल्यामुळे आकाशगंगेच्या तबकडीतील व केंद्राकडील, धुळीआड दडलेल्या ताऱ्यांचेही वर्णपट हाती आले. चीनच्या लामोस्ट या सर्वेक्षण दुर्बिणीकडे तारे कितीतरी अधिक आहेत, पण तिच्या मूळ सर्वेक्षणाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखण्याची ताकद, १८०० च्या आसपास आहे, तर अपोजीची सुमारे २२,५००. एकेका मूलद्रव्याचा हिशोब करणाऱ्याने अपोजीकडेच वळावे.

वापराची सोय चांगली आहे. स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर एसक्यूएल या माहितीसाठ्याच्या भाषेत प्रश्न लिहून हवे तेवढेच रकाने मागवता येतात. संपूर्ण सूचीची फिट्स (खगोलशास्त्रातील नेहमीच्या स्वरूपातील) फाइल काही जीबींची असल्याने साध्या लॅपटॉपवर हाच मार्ग शहाणपणाचा.

आकडे मात्र दिसतात तितके निर्विवाद नाहीत. 'ॲस्पकॅप' ही स्वयंचलित प्रणाली निरीक्षित वर्णपटाची संगणकाने रचलेल्या वर्णपटांशी तुलना करून सर्वांत जुळणारी मूल्ये निवडते. अशा प्रकारे निघालेले राक्षसी ताऱ्यांचे गुरुत्व, केप्लर दुर्बिणीने टिपलेल्या कंपनांवरून काढलेल्या गुरुत्वापेक्षा पद्धतशीरपणे वेगळे येते, म्हणून नंतर त्यात दुरुस्ती केली जाते. सूचीत कच्ची आणि दुरुस्त अशी दोन्ही मूल्ये आहेत, ही प्रामाणिकपणाची गोष्ट आहे, परंतु कोणता रकाना कशाचा हे कळण्यासाठी नवख्याला माहितीपत्रांची बरीच पाने धुंडाळावी लागतात. फ्लॅगचा, म्हणजे संशयास्पद मोजमापांवरील इशाऱ्याच्या खुणांचा, रकाना न वाचता काढलेला आलेख तर मी पाहणारही नाही. त्रुटीचा रकानाही जपून वाचावा, कारण त्यातील आकडा मुख्यतः एकाच ताऱ्याच्या पुनर्निरीक्षणांतील फरकांवर बेतलेला आहे. प्रणालीचा स्वतःचा कल त्यात दिसत नाही.

शिवाय मुख्य नमुना रंगावरून निवडलेला असल्याने त्यात लाल राक्षसी ताऱ्यांचा भरणा आहे. त्यांची रासायनिक जडणघडण अभ्यासण्यासाठी ही सूची मी निःशंकपणे सुचवीन. आकाशगंगेत कोणत्या प्रकारचे तारे किती, हे मोजायचे असेल तर आधी निवडीच्या निकषांचा हिशोब मांडावा लागेल.