एसएसबीच्या तयारीचं ऑनलाइन पॅकेज: बरेच महिने वापरल्यानंतर

सीडीएसची (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची परीक्षा) लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले त्याच आठवड्यात हे पॅकेज घेतलं आणि एसएसबी, म्हणजे त्यानंतरची पाच दिवसांची निवड चाचणी आणि मुलाखत, देऊन परत आल्यावरही ते चालूच होतं. निकाल आधीच सांगून टाकते. भोपाळला स्क्रीनिंगमधून, म्हणजे पहिल्या चाळणीतून, पुढे गेले, पण पाचव्या दिवशी कॉन्फरन्सनंतर (परीक्षकांची शेवटची बैठक) पुकारलेल्या चेस्ट नंबरांत, म्हणजे निवडलेल्या उमेदवारांच्या छातीवरच्या क्रमांकांत, माझा नव्हता. आता अभिप्राय वाचायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पॅकेजचं नाव देत नाही, कारण बाजारात मिळणारी बहुतेक याच साच्याची असतात: व्हिडिओ, सरावाचं ॲप, 'नमुना उत्तरां'ची पीडीएफ आणि निवृत्त अधिकाऱ्यांबरोबर मॉक मुलाखत.

पैसे वसूल झाले ते ॲपमधल्या घड्याळामुळे. मानसशास्त्रीय चाचण्यांत डब्ल्यूएटीचे 60 शब्द असतात आणि प्रत्येकाला 15 सेकंद. शब्द वाचायचा, सुचेल ते वाक्य लिहायचं, तोवर पुढचा शब्द हजर. टीएटीला चित्र 30 सेकंद दिसतं आणि गोष्ट लिहायला 4 मिनिटं मिळतात. अशी 11 चित्रं आणि बारावी कोरी पाटी. मग एसआरटी, म्हणजे 30 मिनिटांत 60 प्रसंग, प्रत्येकात आपण काय करू ते लिहायचं. हे सगळं सलग, मधे न थांबता. घरी पुस्तकातून सराव करताना आपण आपल्यालाच सवलत देत राहतो, पाणी पिऊन येतो. ॲप थांबत नाही. माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमातलं, त्यामुळे सुरुवातीला वाक्य मनात तयार व्हायचं आणि ते इंग्रजीत कागदावर उतरेपर्यंत पुढचे दोन शब्द निघून जायचे. रोज संध्याकाळी एक संच असं धरल्यावर हा अडथळा पुष्कळ कमी झाला. मी मोठी वाक्यं लिहिणंच सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र ॲप बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ते उत्तरं टाइप करायला लावतं. प्रत्यक्षात पेन आणि उत्तरपुस्तिका असते आणि चौथ्या-पाचव्या गोष्टीनंतर बोटं भरून येतात. मी टाइप करायची चौकट रिकामी सोडून फुलस्केपवर लिहायचे. दुसरं म्हणजे पीपीडीटीची (स्क्रीनिंगला चित्र पाहून गोष्ट लिहायची आणि तिच्यावर गटात चर्चा करायची ती चाचणी) त्यांची चित्रं फार स्वच्छ आहेत. तिकडे पडद्यावर आलेलं चित्र धूसर होतं. पात्रं किती, त्यांची वयं काय, बाई की पुरुष, इथपासूनच गटात मतभेद सुरू झाले.

पीडीएफबद्दल स्पष्टच लिहिते: उघडू नका. त्यातल्या टीएटीच्या प्रत्येक गोष्टीत कोणीतरी बुडत असतं, नायक उडी टाकतो, नंतर गावात पोहण्याचे वर्ग काढतो. एसआरटीची उत्तरंही तशीच पॉलिश केलेली. मानसशास्त्रज्ञासमोर तुमच्या गोष्टी, वाक्यं, प्रतिक्रिया आणि स्वतःचं वर्णन हा सगळा गठ्ठा एकत्र येतो. आईवडील, शिक्षक, मित्र आपल्याबद्दल काय म्हणतात ते तुम्ही 15 मिनिटांत स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं. तिथे 'नवीन लोकांत मिसळायला वेळ लागतो' आणि गोष्टींत मात्र नायक क्षणात अख्खं गाव गोळा करतो, हे जुळत नाही. आमच्या गटात स्क्रीनिंगला चौघींनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली, स्वच्छता मोहिमेची. चित्रात झाडूसुद्धा नव्हता! कुठून आली ते मला लगेच कळलं.

मॉक मुलाखती दोन होत्या आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्या अधिकाऱ्यांनी माझा पीआयक्यू, म्हणजे आपली सगळी माहिती भरतो तो फॉर्म, समोर ठेवून अर्धा तास नुसती चाळण केली. दहावीपासूनचे टक्के, कुठे कमी-जास्त झाले आणि का, आवडते-नावडते विषय, ते शिकवणारे शिक्षक, जवळचे मित्र, त्यांच्यातलं काय खटकतं, हे सगळं एका दमात विचारलं. उत्तरापेक्षा प्रश्नांची माळ डोक्यात ठेवणं जड जातं. खऱ्या मुलाखतीतही अशीच लांबलचक माळ आली आणि तेव्हा घाबरायला झालं नाही. फॉर्मवर गाव सांगली पाहून ते पुराकडे वळले. 2019 साली आयर्विन पुलाजवळ पातळी कितीवर गेली? 57 फूट मला तोंडपाठ होतं. मग कोयनेची साठवण क्षमता? तीही सांगितली, 105 टीएमसी. मग म्हणाले, "बेटा, तुझ्या गल्लीतली माणसं कुठे हलवली आणि तेव्हा तू काय करत होतीस?" खरा प्रश्न हाच होता. सामान्यज्ञानाची जाड पुस्तकं पाठ करणाऱ्यांनी आधी आपला फॉर्म नीट वाचावा, तिथून सुटणारे धागेच संपत नाहीत.

दुसऱ्या मुलाखतीत नुसतं 'छान, असंच चालू ठेव'. वर अधिकाऱ्यात हव्या असलेल्या 15 गुणविशेषांचा तक्ता ईमेलवर आला. पुढाकार साडेसहा, सहकार्य सात. वीस मिनिटं व्हिडिओवर बोलून माझं सहकार्य कोणी कसं मोजलं, देव जाणे.

जीटीओचे, म्हणजे मैदानावर गटाने करायच्या कामांचे, व्हिडिओ एकदा बघून सोडून द्यावेत. रंगांचे नियम (कुठल्या रंगाच्या भागाला स्पर्श चालतो, कुठल्या नाही), चार फुटांहून मोठं अंतर उडी मारून पार न करण्याचा नियम, फळी-बल्ली-दोर यांची ओळख, इतकं त्यातून कळतं. पण फळीवर तुम्ही उभ्या असताना मागची मुलगी घाईने पुढे सरकते आणि फळी डगमगते, ते पडद्यावर शिकता येत नाही. एनसीसीतल्या मैत्रिणींना जमवून, जुने टायर आणि वखारीतून आणलेली बल्ली घेऊन आम्ही मैदानावर केलं ते जास्त उपयोगी पडलं. व्हिडिओ कॉलवरच्या गटचर्चेत ज्याचं नेट चांगलं तोच बोलतो. लेक्चरेट मात्र फुकटात घरी होतं. बाबा पेपरमधून चार विषय चिठ्ठीवर लिहून द्यायचे, 3 मिनिटं तयारी, 3 मिनिटं भाषण. आजी ऐकायला बसायची आणि इंग्रजी कळत नसूनही मी कुठे अडखळले ते बरोबर सांगायची.

पैशांचं म्हणाल तर वार्षिक योजना महाग आहे आणि तिची गरज नाही. महिन्याच्या वर्गणीत ॲप मिळतं. मॉक मुलाखत सुटी विकत घेता येते, फक्त मुलाखत कोण घेणार ते आधी विचारा आणि फॉर्म आधी पाठवू देतात का तेही पाहा. ओटीएसाठी (लष्कराची अधिकारी प्रशिक्षण अकादमी) लेखीला 200 गुण आणि एसएसबीलाही 200, त्यामुळे या पाच दिवसांवर खर्च करू नका असं मी म्हणणार नाही. पण वर्गणी आपोआप पुढे सरकते ती वेळेत बंद करा. मदत केंद्राने मला पैसे परत करायला फार रडवलं.

शिवाय महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीचा कोर्स दहा दिवसांचा, राहणं-जेवण-शिकवणं मोफत. सीडीएस किंवा एनडीएची लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन एसएसबीसाठी पात्र ठरलेल्यांना घेतात, चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. पुढच्या तुकडीसाठी मी तिथे कागदपत्रं दिली आहेत. पॅकेजमधलं फक्त डब्ल्यूएटी-टीएटीचं ॲप चालू ठेवलंय, तेही पुढच्या बोलावण्यापर्यंत.