चार तारे, पाचवा लिफ्टपायी कापला

नात आठ वर्षांची. गुडघा, घोटा आणि उजवं मनगट. निदान ‘जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’, म्हणजे सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला आणि सहा आठवडे उलटूनही न हटलेला संधिवात. एवढ्या लहान पोरीला संधिवात होतो हे आमच्या सोसायटीत कुणाला पटत नाही, पण पथ्य मात्र प्रत्येकाकडे तयार. वांगं बंद, बटाटा बंद, हरभऱ्याची डाळ वातूळ, आंबटाचं तर नाव काढू नका. एका ‘आहारोपचार’वाल्यांनी गहू आणि दूध दोन्ही सोडायला सांगून पावडरीचे डबे पुढे सरकवले. आम्ही चहाही न घेता उठलो आणि पुण्यात एरंडवण्यातल्या या आहारतज्ज्ञ मॅडमच्या क्लिनिकमध्ये आलो.

मॅडमनी आधी फाईल वाचली, अगदी शेवटच्या रिपोर्टपर्यंत. पहिला प्रश्न खाण्याचा नव्हताच: “डोळे कधी तपासलेत?” या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते, आणि ती बरेचदा ना दुखते ना दिसते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, ठरावीक काळाने तपासणी लागते. मग स्पष्टच म्हणाल्या, “काका, खाण्यानं हा आजार बरा होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. खास आहारांवर परदेशात अभ्यास झालेत, पण त्यात मुलं मोजकीच. सांधे औषधं बघतील. आपण हाडं, वजन आणि भूक बघायची.” पैसे घेणाऱ्या माणसाच्या तोंडून असं ऐकायची सवय नाही हो!

सुरुवातीला स्टेरॉइड दिलं होतं, तेव्हापासून पोरगी सारखी खा-खा करत होती. त्यानं हाडंही कमजोर होतात आणि वाढलेलं वजन गुडघ्यावरच येतं. त्यामुळे पापड, लोणचं, फरसाण, बाकरवडी यांना कात्री, जेवणाला नाही. या वयाला रोज ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, दूध सोडून ते आणायचं कुठून? दूध-दही चालू ठेवलं, वर नाचणीची आंबील (१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम) आणि तिळाची चटणी. वांगं-बटाट्यावरची बंदी उठली. गव्हाबद्दल म्हणाल्या, सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या आजाराची) शंका असेल तर आधी रक्त तपासा, आणि तोवर पोळी बंद करू नका, नाहीतर तपासणीत काही सापडायचंच नाही.

माझा खरा तारा मात्र डब्यासाठी. शाळेतून डबा अर्धा परत यायचा, सूनबाई म्हणायची नखरे. मॅडमनी दप्तरातून डबा काढायला लावला आणि नातीला म्हणाल्या, उघड बघू. चार बाजूंना क्लिपा. तिनं दोन काढल्या, तिसऱ्याला मनगट धरलं आणि माझ्याकडे बघितलं. “आबा उघडतात.” शाळेत आबा कुठून येणार? आता सैल झाकणाचा साधा स्टीलचा डबा नेते, पोळीचा रोल करून. रिकामा येतो.

दुसरं, शनिवार. सांध्यांचं औषध, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच असतं, आणि हल्ली गोळी बघूनच तिला मळमळायचं. सूनबाई लाडानं त्या रात्री श्रीखंड द्यायची. मॅडम म्हणाल्या, गोळीच्या दिवशी आवडीचं काही देऊच नका, मुलं मळमळ त्या पदार्थाला चिकटवतात आणि तो कायमचा टाकतात. शनिवारी मऊ भात-मेतकूट, श्रीखंड बुधवारी. उलटीचं डॉक्टरांच्या कानावर घालायला लावलं. त्याच्या जोडीला देतात ते फॉलिक ॲसिड (एक जीवनसत्त्व) चालू आहे ना, हे विचारलं, पण डोसला हात लावला नाही. हळदीच्या कॅप्सूलबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, भाजीत घाला हवी तेवढी, कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रविवारी थोडी मळमळ अजून असते, खोटं कशाला सांगू.

आता तक्रारी. सांधे दुखणारी मुलं जिथे येतात ते क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. नातीला कडेवर घेऊन चढलो, माझे गुडघे काही सरकारी नाहीत. फी फोनवर सांगत नाहीत, का ते कळलं नाही. छापील तक्त्यात किन्वा आणि ॲव्होकॅडो आहे, मॅडमनी तो पेनानं खोडून नाचणी लिहिली. मग छापताच कशाला?

जाणाऱ्यांनी सकाळची वेळ घेऊ नका, सांधे आखडलेले असतात आणि पोरं किरकिरतात. चारनंतरची मागा. डबा बरोबर न्या, रिकामा नको, भरलेला.