अमेरिकेत मॉर्गेज लोन ओरिजिनेटरचं (गृहकर्ज मिळवून देणाऱ्याचं) लायसन्स काढलं, दहा महिन्यांनंतरचा अनुभव

ज्यांना फक्त "जमेल का" एवढंच विचारायचंय त्यांना आधीच सांगते, परीक्षा जमते. पण दर महिन्याला ठरलेले पैसे घरात यायलाच हवेत अशी परिस्थिती असेल तर यात पडू नका. बाकीचं सवडीने वाचा.

मी पुण्यात एका सहकारी बँकेत सात वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर होते. इंडेक्स टू, वकिलाचा सर्च रिपोर्ट, दोन जामीनदार, सगळं तोंडपाठ. त्यामुळे इथे डॅलसजवळ राहायला आल्यावर एच-फोरचं ईएडी (जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना मिळणारा कामाचा परवाना) हातात पडलं तेव्हा वाटलं कर्ज ते कर्ज, पुण्यात काय नि टेक्सासात काय. हा माज ११० डॉलरला पडला, कारण पहिल्या फटक्यात नापास झाले आणि परीक्षेची फी परत भरावी लागली.

लायसन्सचं हे सगळं २००८ च्या सेफ ॲक्ट नावाच्या कायद्यामुळे आलं. घरांची कर्जं बुडून बाजार कोसळला त्याच वर्षीचा कायदा. आता आधी २० तासांचा कोर्स, टेक्सासला वर ३ तास म्हणजे २३. मग एनएमएलएसवर (लायसन्सच्या नोंदणीची वेबसाइट) अकाउंट, बोटांचे ठसे, स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट (दुसऱ्याला कर्ज देणार तर आधी तुमचे हप्ते बघणार, बरोबरच आहे म्हणा) आणि परीक्षा. १२० प्रश्न, त्यातले ११५ मोजतात, १९० मिनिटं, ७५ टक्क्यांना पास. मला ७३ पडले. नापास झालं की ३० दिवस थांबायचं, आणि लागोपाठ तिसऱ्यांदा गेलात तर १८० दिवस.

नापास का झाले? तर आपली घोकंपट्टी. कायद्याची नावं, सालं, कलमं पाठ केली आणि पेपरात आली गिऱ्हाइकाची गोष्ट. साधं बघा, लोन एस्टिमेट (कर्जाच्या खर्चाचा अंदाज) अर्ज आल्यापासून ३ बिझनेस डेच्या आत द्यायचं आणि क्लोजिंग डिस्क्लोजर (अंतिम आकड्यांचा कागद) सहीच्या ३ बिझनेस डे आधी गिऱ्हाइकाच्या हातात पडायला हवं. पण पहिल्यात बिझनेस डे म्हणजे तुमचं ऑफिस उघडं असेल तो दिवस, आणि दुसऱ्यात रविवार आणि फेडरल सुट्ट्या सोडून सगळे दिवस, म्हणजे शनिवारही धरायचा. तोच शब्द, दोन अर्थ! दुसऱ्या वेळी मी नुसती कॅलेंडरं काढून तारखा मोजत बसले आणि ८१ पडले.

जानेवारी २०२५ मध्ये लायसन्स आलं. पण ते एकट्याने काही कामाचं नाही, कुठल्यातरी कंपनीने स्पॉन्सर करावं लागतं, नाहीतर ते नुसतं निपचित पडून राहतं. माझी पहिली कंपनी "लीड्स आम्ही देऊ" म्हणाली होती (लीड्स म्हणजे घर घेऊ पाहणाऱ्यांची नावं-नंबर), आणि लीड्स कसल्या, दोन-दोन वर्षांपूर्वीच्या याद्या. फोन केला की माणूस म्हणायचा अहो घर घेऊन मुंज पण झाली मुलाची. तीन महिन्यांत सोडली. कोर्सवाले एक गोष्ट सांगत नाहीत ती मी सांगते, बँकेत लोन ऑफिसर म्हणून लागलात तर ही परीक्षाच नसते, फक्त रजिस्ट्रेशन असतं. पगारावर बँकेत जागा मिळत असेल तर आधी ती धरा.

पैशाचं खरं खरं सांगते. मला लोनच्या पाऊण टक्का मिळतो, म्हणजे ४ लाख डॉलरच्या लोनवर ३ हजार डॉलर. दहा महिन्यांत ७ लोन झाली, त्यातलं पहिलं पाचव्या महिन्यात. तोपर्यंत शून्य. आणि रेट वाढवून लावला तर कमिशन जास्त मिळेल असं कुणाला वाटत असेल तर तसं करताच येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. ओळखीतला एक रिअल्टर (घरांचा एजंट) म्हणाला गिऱ्हाईक मी देतो, माझं काय? रेस्पा नावाचा कायदा आडवा येतो हो, रेफरलचे पैसे देता येत नाहीत. तो अजून रुसलाय.

आपल्या लोकांचा पहिला प्रश्न एकच, "रेट काय चाललाय?" जानेवारी २०२५ मध्ये सातच्या आसपास होता, नोव्हेंबरात सव्वासहा वगैरे. पण टेक्सासात रेटपेक्षा प्रॉपर्टी टॅक्स मारतो. एका जोडप्याचा फोन आला, नवीन बांधलेलं घर, लोन दुसरीकडून घेतलेलं, ३० वर्षं फिक्स रेट, तरी वर्षाने महिन्याचा हप्ता साडेसहाशे डॉलरच्या वर वाढला. फसवलं म्हणून रडकुंडीला आलेले. झालं असं होतं की टॅक्स १ जानेवारीला जागेवर जे उभं असेल त्यावर लागतो आणि तेव्हा तिथे नुसता प्लॉट होता, दुसऱ्या वर्षी अख्खं ५ लाखाचं घर धरलं गेलं. वर्षाला २ टक्क्यांनी हिशोब करा, कळेल. रेट जागेवरच होता, वाढलं ते एस्क्रो, म्हणजे हप्त्यासोबत टॅक्ससाठी कापून घेतात ते पैसे. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी पूर्ण घराच्या किमतीवर टॅक्स धरून हप्ता सांगते, त्यापायी दोन गिऱ्हाइकं गेली कारण दुसऱ्याने कमी आकडा सांगितला.

मे २०२५ पासून एच-वन-बी वाल्यांना (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना) एफएचए लोन, म्हणजे सरकारी विम्याचं कमी डाऊन पेमेंटचं लोन, बंद झालंय, त्यामुळे कमी डाऊन पेमेंटवाल्यांची पंचाईत. मग आईवडलांकडून पैसे येतात आणि खरी मजा सुरू होते. अकाउंटला अचानक मोठी रक्कम दिसली की अंडररायटर (कर्ज मंजूर करायचं की नाही ते ठरवणारा) विचारणार कुठून आली. नाशिकच्या एका काकांनी एफडी मोडून मुलाला पैसे पाठवले. मी गिफ्ट लेटर मागितलं तर फोनवर भडकले, "मॅडम, माझ्याच मुलाला दिलेले पैसे परत मागणार नाही असं मी लिहून देऊ? वैरी आहे का मी त्याचा?" अर्धा तास समजावलं, अहो काका, तुमच्यावर शंका नाही, ते उसने निघाले तर त्याच्यावर आणखी एक कर्ज धरतील. शेवटी सही करून पाठवलं, वर मध्यभागी ठसठशीत "श्री" लिहून. दुसऱ्या दिवशी अंडररायटरचा शेरा, हाताने लिहिलेल्या मजकुराचं इंग्रजी भाषांतर जोडा. एका अक्षराचं भाषांतर! मी लिहून दिलं, शुभारंभाची खूण आहे, रकमेशी संबंध नाही. लोन पास झालं. काकांना अजून सांगितलेलं नाही.

सध्या लायसन्सच्या रिन्यूअलची धावपळ चालू आहे, ३१ डिसेंबरच्या आत. त्यासाठी दरवर्षी ८ तासांचा कोर्स. पाच तास झालेत, मुलीच्या स्विमिंग क्लासबाहेर गाडीत बसून. उरलेत तीन, फेडरल कायद्याचे, म्हणजे परत तो बिझनेस डे आलाच.