नांदेड पॅटर्नची शोषखड्डा टाकी: घेण्याआधी हे तपासा

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी सांडपाणी जिरवणारे शोषखड्डे घेतले, उघडी गटारं बंद केली, डास कमी झाले आणि ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. त्या खड्ड्यात बसणारी टाकी आता सिमेंटच्या जाळ्या-कुंड्या विकणाऱ्यांकडे तयार मिळते. आमचं मत स्पष्ट आहे: मुरमाड जमीन असेल तर जरूर घ्या, काळ्या चिकण मातीत घेऊ नका.

टाकीची सगळी करामत भोकांच्या जागेत आहे. साधारण अडीच फूट उंच आणि दीड फूट व्यासाच्या या टाकीला वरच्या भागात, चारही बाजूंना एकेक भोक असतं. सांडपाणी आत आलं की राख, माती, खरकटं तळाशी बसतं आणि वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत उतरतं. जुन्या शोषखड्ड्यात मडक्याला तळाशी भोक असायचं. त्यामुळे गाळ थेट दगडांत जायचा आणि खड्डा तुंबला की सगळे दगड उपसून धुवावे लागायचे. म्हणून तळाला भोक असलेली टाकी कोणी दाखवली तर ती परत करा. कच्ची, नीट पाणी न मारलेली टाकीही नको. उतरवतानाच तिला चीर जाते.

खड्डा चार बाय चार, खोली चार फूट. तळाशी फूटभर मोठे डबर, त्यावर मधोमध टाकी, भोवती भोकांच्या वरपर्यंत दगड. मुरूम किंवा बारीक कच टाकली तर पोकळी बुजते, आणि पाणी साठतं ते त्या पोकळीतच. पाच माणसांच्या घरात माणशी 55 लिटर पाणी धरलं तर रोज पावणेदोनशे ते दोनशे लिटर सांडपाणी येतं. दगडांच्या पोकळीत मावतं जेमतेम पाचशे लिटर. जमीन पाणी पीत नसेल तर तिसऱ्या दिवशी अंगणात पाणी! काळ्या रानात नेमकं हेच होतं, आणि दोष टाकीवर येतो. त्यामुळे आधी फूटभर खड्डा खणून रात्रभर पाण्यानं भरून ठेवा. सकाळी पुन्हा भरा आणि पातळी किती उतरते ते पाहा. तासाभरात फरकच दिसला नाही तर तिथे शोषखड्डा चालणार नाही.

दगडांवर प्लॅस्टिकची पोती अंथरून मग माती टाका, नाहीतर पहिल्या पावसात माती दगडांत उतरते. झाकण जमिनीपेक्षा थोडं उंच आणि घट्ट हवं. फट राहिली तर टाकीतच डास वाढतील. पाइपाला दहा फुटांत अडीच इंच उतार द्या आणि तोंडाशी वास अडवणारा नहाणी ट्रॅप व जाळी बसवा. विहीर, हातपंप किंवा बोअर किमान 10 मीटर दूर असावं, खड्ड्याचा तळ भूजलाच्या दोन मीटर तरी वर असावा. पावसाळ्यात विहिरीला वरपर्यंत पाणी येतं अशा गावांत ही अट पाळली जात नाही, आणि ते धोक्याचं आहे. संडासाचं किंवा सेप्टिक टँकचं पाणी यात कधीही सोडू नका.

देखभाल सोपी आहे. गाळ साठत भोकांच्या चार बोटं खालपर्यंत चढला की काढायचा. बहुतेक घरांत वर्षातून एकदा पुरतं. खरकटं जास्त जात असेल तर लवकर. गाळ वाळवून उकिरड्यात टाकावा.

एक उणीव मात्र कोणताही विक्रेता सांगत नाही. या खड्ड्यानं पाणी जमिनीत मुरतं, हाताशी परत येत नाही. घरामागे दोन-तीन गुंठे मोकळी जागा असेल तर न्हाणीचं पाणी आधी परसबागेत वळवा. केळी, कर्दळ, अळू यांना ते चालतं. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीला देऊ नका. उरलेलं पाणी आणि पावसाळ्यातलं जास्तीचं सांडपाणी तेवढं टाकीत सोडा. पैसे घरातून घालण्याआधी ग्रामपंचायतीत चौकशी करा, शोषखड्डे रोजगार हमी योजनेतूनही घेतले गेले आहेत. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद होती.