जुन्नरहून आकाशदर्शनासाठी कुठे जावे: नाणेघाट, खिरेश्वर की आणे पठार?

जुन्नर गावातल्या एखाद्या गच्चीवरून मृग, व्याध, सप्तर्षी हे ठळक तारे आणि तारकासमूह सहज ओळखता येतात. आकाशगंगेचा पट्टा मात्र तिथून हाती लागत नाही, आणि ज्याने तो एकदा काळोख्या जागेवरून पाहिला आहे त्याचे गच्चीवर समाधान होत नाही. गावाबाहेर जायचे ठरले की नाणेघाट, खिरेश्वर आणि आणे पठार ही तीन नावे पुढे येतात. तिन्ही ठिकाणे जुन्नर तालुक्यातच आहेत आणि तिन्ही गावापेक्षा कितीतरी अधिक काळोखी आहेत, म्हणून त्यांतले सर्वांत काळोखे कोणते हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. आकाशाचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी पाहायचा आहे हे आधी ठरवावे, म्हणजे जागेची निवड बरीचशी आपोआप होते.

याचे कारण उजेडाच्या दिशांमध्ये आहे. शहराचा उजेड अंतराबरोबर कसा घटतो याचा वॉकर या खगोलशास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम खगोल अभ्यासकांत प्रचलित आहे. त्यानुसार अंतर दुप्पट झाले की आकाशावरचा प्रभाव साधारण सहाव्या हिश्शावर येतो, आणि लोकसंख्या वाढेल त्या प्रमाणात तो वाढतो. २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नरची लोकसंख्या सुमारे २५ हजार, तर पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सुमारे ४८ लाख होती. जुन्नरच्या उत्तरेला १५ किलोमीटरवर उभे राहिले, तर जुन्नर १५ आणि पुणे सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर दूर असते. पण गणित मांडून पाहिल्यास तिथल्या आकाशावर पुण्याचा प्रभाव जुन्नरच्या दुपटीहून अधिक भरतो. हा अंदाज ढोबळ आहे, तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या गावाच्या दिव्यांपासून दूर गेल्याने अर्धेच काम होते. दक्षिणेला चाकण-पुणे आणि पश्चिमेला कल्याण-ठाणे-मुंबई कायम राहतात, आणि त्या दिशांची क्षितिजे कुठूनही पूर्ण काळी मिळत नाहीत.

सर्वांच्या तोंडी पहिले नाव येते ते नाणेघाटाचे. जुन्नरहून चावंडच्या बाजूने घाटघरमार्गे सुमारे ३० किलोमीटर गेले की रस्ता थेट पठारावर पोहोचतो, चालावे लागत नाही, आणि डोक्यावरचे आकाश अतिशय विस्तृत मिळते. सातवाहनकालीन व्यापारी मार्गावरच्या इथल्या लेण्यातील लेखाच्या आरंभी इतर देवतांबरोबर चंद्र-सूर्यांनाही वंदन केलेले आहे. तारे पाहायला गेलेल्याने दिवसाउजेडी थोडा वेळ काढून ते लेणे आवर्जून पाहावे. हिवाळ्यात, विशेषतः नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, देवयानी दीर्घिका, कृत्तिका, रोहिणी, मृग, मिथुन हे सारे पूर्वेकडून वर येऊन माथ्यावर किंवा माथ्याजवळ येतात. त्या वेळी पाठ पश्चिमेला करून बसले की नाणेघाटाला तोड नाही.

तीच जागा पश्चिमेकडे पाहण्यासाठी मात्र निराशा करते. कड्याखाली कोकण आहे, त्यात मुरबाड अलीकडे आणि कल्याण सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या आत. त्यापुढे मुंबईपर्यंत दिव्यांची रांग तुटत नाही. हवेत थोडी आर्द्रता असली की हा उजेड धुक्यावर पसरतो आणि पश्चिमेचा तळाचा बराच भाग पिवळट-पांढरा होतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. असा, संध्याकाळी पश्चिमेला खाली असणारा धूमकेतू किंवा संध्याकाळचा राशिचक्रीय प्रकाश (सूर्यमालेतल्या धुळीमुळे क्षितिजावर दिसणारा फिका उजेड) पाहण्यासाठी नाणेघाट ही तिन्हींतली सर्वांत कमकुवत निवड आहे, जरी सूर्यास्ताच्या छायाचित्रांमुळे तीच जागा आधी आठवत असली तरी. शिवाय दक्षिणेला जीवधन किल्ल्याचा डोंगर अगदी जवळ उभा आहे. पुण्याचा काही उजेड तो अडवतो हे खरे, परंतु दक्षिण क्षितिजालगतचे तारेही त्याच्यामागेच जातात. अगस्त्य हा तारा मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना या अक्षांशावरून सुमारे १८ अंश वर असतो, म्हणून तो डोंगराला ओलांडून दिसतो. त्याहून खाली राहणाऱ्या त्रिशंकू या तारकासमूहासाठी इथे येण्यात अर्थ नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. शनिवार-रविवारी इथे तंबू, शेकोट्या, स्पीकर आणि गाड्यांचे प्रखर दिवे यांची गर्दी असते, आणि एकदा हेडलाइट डोळ्यांवर आला की अंधाराला सरावलेली नजर परत मिळवायला २० ते ३० मिनिटे जातात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कड्याची धार अंधारात कळत नाही. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी थेट घाटाच्या तोंडाशी न थांबता घाटघरच्या बाजूला मागे बसावे. आकाशात काही कमी पडत नाही.

दक्षिणेचे आकाश पाहायचे असेल तर माझे मत खिरेश्वरच्या बाजूने आहे, आणि ते मी थोडे आग्रहाने मांडतो, कारण या जागेकडे लोक हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे गाव एवढ्याच नजरेने पाहतात. कल्याण-अहिल्यानगर महामार्गावरच्या खुबी फाट्यावरून सुमारे ५ किलोमीटर आत, पिंपळगाव जोगा धरणाच्या जलाशयाकाठी हे गाव आहे. उत्तरेला हरिश्चंद्रगडाची प्रचंड भिंत उभी असल्याने उत्तर क्षितिजाचा तळाचा भाग झाकला जातो. ध्रुवतारा आपल्याकडे १९ अंशांवर असतो, त्यामुळे नेमके कुठे उभे आहोत यावर तो डोंगराच्या किती वर दिसेल हे ठरते. दक्षिणेकडे मात्र जलाशयाचे मोकळे पाणी पसरलेले असते, पलीकडचे डोंगर क्षितिजापासून फार वर येत नाहीत, आणि पुणे जुन्नरपेक्षा आणखी दूर गेलेले असते.

एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात या जागेचे खरे महत्त्व कळते. त्रिशंकूचा तळाचा तारा आपल्या अक्षांशावरून जेमतेम ८ अंश वर येतो आणि वरचा सुमारे १४ अंश; मेच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला उभा असतो. त्यानंतर तासाभरात नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा प्रचंड गोलाकार तारकागुच्छ सुमारे २३ अंशांवर मध्यमंडलावर येतो. साध्या द्विनेत्रीतून तो धुरकट गोळ्यासारखा दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर नुसत्या डोळ्यांनाही पुसट ताऱ्यासारखा जाणवतो. पुण्याजवळून हे दृश्य मिळत नाही असे नाही, पण तिथे दक्षिणेला पाहणे म्हणजे बहुधा शहरावरच्या उजेडातून पाहणे असते. मध्यरात्रीनंतर वृश्चिकाची नांगी आणि धनू वर येतात. आकाशगंगेचे केंद्र आपल्याकडे ४० अंशांहून वर चढते, म्हणून क्षितिजाच्या उजेडातून ते सुटते, आणि खिरेश्वरच्या काठावरून ते पाहताना पाण्यावर त्याचा फिका उजेड पडल्याचा भास होतो, असे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

खिरेश्वरची अडचण ओलाव्याची आहे. हिवाळ्यात पहाटे जलाशयावर धुके धरते आणि दुर्बिणीच्या भिंगांवर दव जमते, त्यामुळे डिसेंबरच्या रात्री इथे दोन-तीन तासांपलीकडे निरीक्षण रेटता येईलच असे नाही. महामार्गावरच्या वाहनांचे दिवे पाण्यापलीकडून अधूनमधून दिसतात. फाट्याजवळ किंवा धरणाच्या भिंतीवर न थांबता गावाच्या बाजूला गेल्यास तो त्रास कमी होतो. मुक्कामाची आणि जेवणाची सोय गडावर जाणाऱ्यांमुळे गावात होते. नाणेघाटावरही मुक्काम करायचा असेल तर घाटघरमध्ये विचारूनच करावा.

आणे पठाराचा विचार फार थोडे लोक करतात. तालुक्याच्या पूर्व टोकाला, आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे जाताना आणे घाट चढल्यावर हे कोरडे, उघडे पठार लागते. जुन्नरहून अंतर सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे तिन्हींत सर्वाधिक. तालुक्याच्या पश्चिमेला धो धो पाऊस पडत असताना ही बाजू पर्जन्यछायेत असते. पाण्याच्या ज्या टंचाईने इथले शेतकरी हैराण असतात तीच निरीक्षकाच्या पथ्यावर पडते: हवा कोरडी, दव कमी, आणि पावसाळा सरताना ढग इथून आधी हटतात. ऑगस्टमधल्या ययाति उल्कावर्षावाच्या वेळी पश्चिमेची दोन्ही ठिकाणे बाद असतात. आण्याला निदान आशा धरता येते. सारे क्षितिज चहूबाजूंनी उघडे असल्याने डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या मिथुन उल्कावर्षावासाठीही मी हीच जागा सुचवेन, कारण उल्का कोणत्या बाजूला चमकेल हे सांगता येत नाही आणि एक बाजू डोंगराने अडलेली नसणे फायद्याचे ठरते. तोटा दक्षिणेचा आहे. रांजणगावची औद्योगिक वसाहत सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास येते, आग्नेयेला सुपे आहे, आणि पुणे नैऋत्येला आहेच, त्यामुळे त्रिशंकूसारखे क्षितिजालगतचे तारे इथून फिके पडतात.

आण्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे आणि जुन्नर तालुक्यात तो टाळून चालणार नाही, तो म्हणजे बिबट्या. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उभारावे लागले तो हा तालुका. नारायणगाव, ओतूर, येडगाव या कालव्याच्या पाण्याखालच्या पट्ट्यात उसाचे सलग फड आहेत आणि बिबट्यांचा वावर प्रामुख्याने त्यांच्या आश्रयाने असतो. गावाजवळच्या एखाद्या शेताच्या बांधावर अंधार चांगला आहे म्हणून सतरंजी टाकून बसण्याचा मोह मी कोणालाही करू देणार नाही. आण्याला पाणी नसल्याने ऊसही फारसा नाही, म्हणून धोका त्या मानाने कमी. घाटाकडची दोन्ही ठिकाणे जंगलालगत असल्याने तिथे सावधगिरी हवीच. कुठेही गेले तरी गटाने जावे, मुलांना मध्ये बसवावे, जमिनीवर एकट्याने वाकून बसणे टाळावे, आणि लाल कागद लावलेल्या विजेरीबरोबर एक प्रखर विजेरीही जवळ ठेवावी.

काहींच्या मनात खोडद आणि गिरवली येतील. नारायणगावच्या पूर्वेस सुमारे १० किलोमीटरवर असलेली खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची आहे, पण ती रेडिओ लहरी टिपते. तिला मोबाइल आणि प्रक्षेपकांचा गोंगाट नको असतो. तिच्या जागेवरून रात्रीच्या अंधाराचा अंदाज बांधणे चुकीचे आहे, आणि तो भाग उसाचाच आहे. घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. तिथला अंधार निश्चितच पारखून घेतलेला असणार, परंतु ते संशोधनाचे आवार आहे आणि रात्री परवानगीशिवाय जाण्याचे ठिकाण नव्हे.

तारीख ठरवताना भिंतीवरचे पंचांग पुरते. वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत रात्रीचा पहिला प्रहर चंद्राविना मिळतो. पहाटे धनू पाहायची असेल तर अमावास्येनंतर शुद्ध अष्टमीपर्यंतच्या रात्रीही चालतात, कारण चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळलेला असतो. जागेवर पोहोचल्यावर आकाशाची परीक्षा जानेवारी ते एप्रिलमध्ये पुष्य नक्षत्राजवळच्या तारकागुच्छावर घ्यावी: तो नुसत्या डोळ्यांना पांढुरक्या ठिपक्यासारखा दिसला तर रात्र चांगली आहे, आणि अर्ध्या तासाने नजर सरावल्यावरही दिसला नाही तर हवा धुरकट आहे असे समजून दुर्बीण बाहेर न काढता कृत्तिका, रोहिणी आणि मृग यांचीच मुलांना ओळख करून द्यावी.