बिलावरचा आकडा मी वाचला नाही

वसईत आमच्या घरी हाताने बुडवून मेणबत्त्या करण्याचे काम माझ्या सासऱ्यांपासून चालत आले आहे. लाकडी चौकटीला सुती वाती बांधायच्या, वितळलेल्या मेणाच्या उंच डब्यात त्या बुडवून काढायच्या, थर निवू द्यायचा आणि पुन्हा बुडवायच्या. बोटाएवढी जाडी येईपर्यंत हे २५ ते ३० वेळा करावे लागते. बाजारातल्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या मेणाच्या असतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र काही धर्मगुरू वेदीसाठी आमच्याकडून मधमाशीच्या शुद्ध मेणाच्याच मेणबत्त्या घेतात, आणि शुद्धतेच्या आमच्या शब्दावर विसंबूनच ते जास्त दाम मोजतात.

हे मेण मी महाबळेश्वर तालुक्यातल्या एका मधपाळाकडून घेते. सातेरी माशीच्या पेट्यांतून मेण थोडेच निघते, त्यामुळे एका हंगामात त्याच्याकडून सात-आठ किलोंहून अधिक मिळत नाही. गेल्या वर्षी मागणी वाढली आणि त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर एका व्यापाऱ्याने आग्या माशीचे शुद्ध मेण ४८० रुपये किलोने देऊ केले. त्याने दोन किलोंचा नमुना पाठवला, तो मी वितळवून आणि जाळून पाहिला, आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्या विश्वासावर मी ४० किलोंचे १९,२०० रुपये आगाऊ बँकेतून पाठवले. पोती आली तेव्हा वरच्या दोन ढेपा नमुन्यासारख्याच होत्या; त्याखालच्या मी पाहिल्या नाहीत.

खालच्या ढेपांचे मेण बुडवायला घेतले तेव्हाच हाताला फरक जाणवला होता. मधमाशीच्या मेणाचा तुकडा बोटांत चोळला की ऊब लागून तो मऊ आणि किंचित चिकट होतो. हा तुकडा मात्र बुळबुळीत लागत होता आणि सुरीने कापताना त्याच्या कपच्या निघत होत्या. रंग सगळ्या ढेपांचा एकसारखा पिवळाधमक होता. जानेवारीतल्या पहाटेच्या गारठ्याने असे होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत मला फार महागात पडली, कारण ११ किलो मेणाच्या मेणबत्त्या २ फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या आशीर्वादासाठी रवाना झाल्या आणि त्याच संध्याकाळी एका फादरांचा फोन आला. ज्योत उंच उडत होती, काजळी धरत होती आणि ओघळलेल्या मेणाने वेदीवरचे पांढरे वस्त्र खराब झाले होते. मधमाशीच्या मेणाला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते, आणि मी नेहमीचीच जाड वात वापरली होती. सासऱ्यांच्या हयातीत अशी तक्रार एकदाही आली नव्हती, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, बिल वाचा.” बिलावर नुसते ‘वॅक्स’ लिहिले होते आणि एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक २७१२ होता. हा पॅराफिनचा क्रमांक; मधमाशीचे मेण १५२१ मध्ये येते. तोंडी आणि संदेशांत शुद्धतेची ग्वाही देणाऱ्या माणसाने कागदावर मात्र स्वतःला आधीच सुरक्षित करून ठेवले होते.

म्हणून मेण घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, की पैसे देण्यापूर्वी बिलाचा मसुदा मागवावा, त्यावर ‘मधमाशीचे शुद्ध मेण’ हे शब्द आणि १५२१ हा क्रमांक आहे का ते पाहावे, आणि तसे लिहून द्यायला जो कां-कूं करील त्याच्याकडून माल घेऊ नये. घरी करता येण्याजोगी एक कसोटीही आहे. पेल्यात पाणी घेऊन खात्रीच्या शुद्ध मेणाचा, बुडबुडा नसलेला छोटा तुकडा त्यात टाकावा, तो तरंगेल. मग तो जेमतेम तळाला जाईपर्यंत थोडे थोडे स्पिरिट ओतून ढवळावे आणि त्याच पेल्यात संशयित तुकडा टाकावा. पॅराफिन हलके असल्यामुळे भेसळीचा तुकडा वरच राहतो. माझा तुकडा तरंगतच राहिला. जड राळ मिसळलेली असेल तर ही कसोटी चकवू शकते, म्हणून मोठ्या खरेदीत प्रयोगशाळेतून साबणीकरण मूल्य, म्हणजे मेणाचा साबण किती होतो याचे माप, काढून घ्यावे. पॅराफिनचा साबण होत नाही, त्यामुळे त्याच्या भेसळीने ते मूल्य खाली येते. तुकडे मात्र प्रत्येक पोत्याच्या तळातून काढावेत.

व्यापारासाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही, असे मला आधी सांगण्यात आले. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी माल घेणाऱ्याला या अटीतून वगळले आहे, म्हणजे तो ग्राहकच ठरतो. त्या आधारे मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज दिला. पैसे अजून परत आलेले नाहीत. सर्व धर्मगुरूंना मी स्वतः भेटून झालेली गोष्ट सांगितली, त्यांचे पैसे परत केले आणि ईस्टरसाठी मधपाळाच्या मेणात होतील तेवढ्याच मेणबत्त्या करून दिल्या. फसव्या मेणाच्या दोन ढेपा दोन साक्षीदारांसमोर मोहोरबंद करून बिलाच्या प्रतीसह कपाटात ठेवल्या आहेत, आणि उरलेल्या मेणाला बारीक वात घालून त्याच्या मेणबत्त्या ‘पॅराफिनमिश्रित’ अशी चिठ्ठी लावून पॅराफिनच्याच भावाने विकल्या.