आरएस-४८५ ते ४जी गेटवे : आठ महिने वापरल्यावर

तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची देखभाल माझ्याकडे आहे. सहा तापमान कंट्रोलर, तीन एनर्जी मीटर आणि कॉम्प्रेसरचे दोन ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) एकाच मॉडबस लाइनवर (मॉडबस म्हणजे उपकरणांची बोलायची ठरलेली पद्धत) घ्यायचे आणि रीडिंग मोबाइलवर बघायची, एवढ्यासाठी हा गेटवे, म्हणजे तारेवरची रीडिंग ४जीवरून पुढे पाठवणारा डबा, घेतला. डबा चांगला आहे, ८ महिन्यांत एकदाही हँग झाला नाही. डोकं खाल्लं ते बाहेरच्या दोन तारांनी, म्हणजे सगळी उपकरणं जोडणाऱ्या आरएस-४८५ लाइनने.

मीटर कंपनीतून ९६०० बॉड (डेटाचा वेग), नो पॅरिटीवर (पॅरिटी म्हणजे चूक पकडायचा जादा बिट) आलेले, कंट्रोलर इव्हन पॅरिटीवर. एका लाइनवर हे चालत नाही. सगळे इव्हनवर आणले. एका मीटरवर ए आणि बी ही दोन तारांची नावंच उलटी छापलेली. तारा उलट्या लागल्या तर काही जळत नाही, पण मीटर तोंडही उघडत नाही, त्यामुळे अर्धा दिवस मी पत्त्याचाच (लाइनवरच्या उपकरणाच्या नंबरचा) घोळ समजत बसलो. मग व्होल्टेज ४१५ च्या जागी उणे शून्य! फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, दोन तुकड्यांत (शब्दांत) येतो; ते दोन शब्द उलट क्रमाने वाचले जात होते. मॅन्युअलमधला रजिस्टर (मीटरमध्ये आकडा ठेवायची जागा) क्रमांक ४०००१ गेटवेत ० म्हणून भरायचा, हेही कुठे लिहिलेलं नाही.

खरा त्रास कॉम्प्रेसर सुरू झाला की व्हायचा. आधीच्या वायरमनने ही केबल मोटरच्याच ट्रेमधून नेली होती, वर मधूनच फाटे काढलेले. शील्डेड ट्विस्टेड पेअर (पीळ दिलेल्या दोन तारा, वर धातूचं आवरण) वेगळ्या पाइपातून, एका उपकरणातून दुसऱ्यात अशी सलग नेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले. तेव्हापासून एरर जवळपास बंद.

टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) मात्र स्वतः बदला. मूळ सेटिंग १ सेकंद आणि ३ प्रयत्न. एक मीटर बंद पडला की बाकीचे दहा त्याच्यासाठी ताटकळतात. मी ३०० मिलीसेकंद ठेवलाय, सगळी उपकरणं त्यात आरामात उत्तर देतात.

एक तक्रार अजून मिटलेली नाही. रेंज गेली की गेटवे रीडिंग साठवतो, पण नंतर पाठवताना पाठवल्याची वेळ लावतो. रात्री २ चं तापमान पहाटे ५ चं म्हणून दिसतं. नवं फर्मवेअर (गेटवेतलं सॉफ्टवेअर) येतंय म्हणून तीन महिने ऐकतोय. तोवर ऑपरेटरची वही चालूच आहे.